मांडणीवरच्या वाट्या

आमच्या भागात कार्यक्रमाची ऐपत बेस-टॉपवर मोजतात. बेस म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या सुरांचं स्पीकरचं खोकं, टॉप म्हणजे वरच्या सुरांचं. साखरपुड्याला दोन बेस दोन टॉप, वरातीला चार-चार, आणि कुणी पंचायतीला निवडून आलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतच चढते. त्या भिंतीला सगळे 'डॉल्बी' म्हणतात. ज्या रे डॉल्बींचं हे नाव, त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर घालवून. नको तो आवाज कमी करणं हा त्यांचा धंदा. त्यांचं नाव सांगली-साताऱ्यात कशाला लागलंय हे त्यांना कुणी कळवलं नसावं, आणि बरंच झालं.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धंदा डॉल्बीच्या आधीचा. मंडप, सतरंज्या, कर्णे आणि अहुजाचा ॲम्प्लिफायर. जत्रा, प्रवचनं, कुस्त्यांची मैदानं. लहानपणी एकदा ते मला कोल्हापूरला खासबागेत घेऊन गेले होते. शाहू महाराजांनी १९१२ साली पूर्ण करून घेतलेलं ते मैदान म्हणजे भलीमोठी परडी आहे; मधे आखाडा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली माणसं. कर्ण्यातून निवेदकाचा शब्द न् शब्द कळत होता. पण हलगीबरोबर जे घुमकं वाजतं, ते कर्ण्यातून कधी आलंच नाही. ते पलीकडच्या कडेनं थेट यायचं, बुडाखालच्या पायरीतून वर चढल्यासारखं. मी अप्पांना विचारलं, घुमकं कर्ण्यात का येत नाही? ते म्हणाले, "त्याच्या गळ्यात बसत नाही ते."

पुढं इंजिनियरिंगला गेल्यावर कळलं की हे उत्तर तंतोतंत बरोबर होतं. ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, सुराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. एसटीची लाल गाडी याहून जेमतेम मोठी. दोन फुटी कर्ण्याच्या तोंडातून एवढी लाट कशी निघणार?

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या क्रीडा मैदानाच्या कमिटीनं अप्पांना बोलावलं. दरवर्षी कबड्डीचे सामने, शिवजयंती, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं याच मैदानावर. साउंड बाहेरून भाड्यानं यायचा आणि दरवर्षी काहीतरी वाजायचं राहायचं. कमिटीचं म्हणणं एका वाक्यात होतं: आवाज मागच्या पायरीपर्यंत गेला पाहिजे आणि बेस छातीत बसला पाहिजे. अप्पा हो म्हणून आले आणि मग मला फोन केला. मी पुण्यात मशीनचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत आहे. "तुझं ते कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग खोक्याचं पण होतं ना?" एवढंच विचारलं. पावसाळा तोंडावर होता, मंडपाचा धंदा बंद. दर शनिवारी पहाटेच्या गाडीनं मी गावी जायला लागले.

आयते बेस का घेतले नाहीत, असं मला ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. पैसे हे एक कारण. दुसरं असं, की अप्पांना स्वतःच्या हातानं न उघडलेल्या वस्तूवर विश्वास नाही.

*

आधी किती बेस लागतील ते ठरवायचं होतं. अप्पांचा अंदाज चार, कमिटीचा सोळा. मैदान म्हणजे घर नव्हे, ही गोष्ट दोघांनाही वेगवेगळ्या तऱ्हेनं माहीत होती. खोलीत बेस वाजवला की भिंती, कोपरे, छत सगळे मदतीला येतात, गेलेला आवाज परत आणून देतात. उघड्यावर फक्त जमीन तेवढी आपली. बाकी सगळं आभाळाच्या घशात.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. आणि बेस अगदी शेजारी शेजारी ठेवून दुप्पट केले, त्यांना ॲम्प्लिफायरही तेवढेच दिले, की तो ६ डेसिबलनं चढतो. म्हणजे १० मीटरवर एका बेसनं जे समाधान मिळतं तेच २० मीटरवर हवं असेल तर दोन, ४० मीटरवर चार, ८० मीटरवर आठ. आमच्या मैदानाची शेवटची पायरी मंचापासून ८० मीटरच्या आसपास. मी कागदावर आठ लिहिलं. अप्पांनी तो कागद बराच वेळ बघितला आणि घडी करून खिशात ठेवला. आकडा त्यांच्या आणि कमिटीच्या मधला होता, त्यामुळे कुणाचीच मान खाली गेली नाही.

या एका हिशोबापायी लोकांनी काय काय केलंय! १९ सप्टेंबर १९१९ ला सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सुमारे ५० हजार लोकांपुढं बोलले, मॅग्नाव्हॉक्सच्या कर्ण्यांतून. बोलणं होतं म्हणून निभावलं. १९६५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर ५५ हजार माणसं होती, आणि त्यांचं गाणं स्टेडियमच्या घोषणेच्या स्पीकरांतून दिलं गेलं. लोकांना लोकांचंच ओरडणं ऐकू आलं, वाजवणाऱ्यांना आपलं वाजवणंही नाही. तिथून नऊ वर्षांनी, १९७४ मध्ये, ग्रेटफुल डेड या बँडनं दुसरं टोक गाठलं: सुमारे ७५ टनांची स्पीकरची भिंत पाठीमागं उभी केली. त्यात बेस गिटारच्या चार तारांना चार वेगळ्या वाटा होत्या. ती भिंत उभारण्या-उतरवण्यातच त्यांचा जीव मेटाकुटीला आला आणि वर्षाअखेरीआधी त्यांनी ती गुंडाळली. अप्पांना मी तिचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "हमालांचा हिशोब कुठं आहे?"

आमचा खोका चार फूट रुंद, दोन फूट उंच, सव्वादोन फूट खोल. आत १८ इंची दोन स्पीकर. भरल्यावर वजन ९० किलोच्या घरात, म्हणजे चार माणसांची एक उचल.

*

मिस्त्री आमच्याच गल्लीतले. कपाटं, किचन ट्रॉल्या, देव्हारे यांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण कपाटाचा नियम असा, की दर्शनी बाजू गुळगुळीत आणि आतली कशीही. बेसच्या खोक्याचं बरोबर उलटं. बाहेरून ओरखडा चालेल, आत सुईएवढी फट चालत नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, एकही चूक मारायची नाही, सगळं फेव्हिकॉल आणि स्क्रू. ते म्हणाले, "ताई, चुका न मारता सुतारकाम करायचं म्हंजे पोथी न उघडता पारायण." आणि मग खरंच एकही मारली नाही. त्यांच्या कंबरेला खिळ्या-चुकांची थैली मात्र पावसाळाभर तशीच लटकत होती, सवयीनं.

प्लाय पाऊण इंची, मरीन. सांगलीच्या टिंबर एरियात आम्ही एकेक शीट बोटाच्या पेरानं वाजवून घेतली. आत पोकळी राहिलेली शीट भोपळ्यासारखी बोलते. दुकानदार वैतागला होता, पण अप्पा अशा वेळी बहिरे होतात. एका खोक्याला दोन शीट लागतात, म्हणजे सोळा. वर एक चुकीसाठी. चुकीची शीट घ्यायला मीच सांगितलं होतं, आणि पुढं ती माझ्याच कामी आली.

जाड प्लाय असूनही आत आडव्या-उभ्या पट्ट्या घालाव्या लागतात. स्पीकर आत जातो तेव्हा खोक्यातली हवा दाबली जाते आणि ती सगळ्या बाजूंना ढकलते. पट्ट्या नसतील तर चार फुटी फळी ढोलाच्या पानासारखी फुगते, आणि मग ऐकू येतं ते लाकूड. मिस्त्रींना हे पटायला वेळ लागला. "ह्यात हवाच भरायची हाय न्हवं, मग एवढी लाकडं कशाला कोंबायची?" प्रश्न चांगला होता. मी तेव्हा घाईत उत्तर दिलं आणि त्यातच माझी चूक झाली. ती सांगतेच.

बेसच्या खोक्याला पुढून एक फट ठेवतात. इंग्रजीत पोर्ट, मिस्त्रींच्या भाषेत धुराडं. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते, तसंच हे. बाटलीतली हवा म्हणजे स्प्रिंग, गळ्यातली हवा म्हणजे त्या स्प्रिंगला टांगलेलं वजन. दोघांची जोडी एका ठरावीक सुरावर डुलते. खोक्यातली हवा किती आणि धुराडं किती लांब-रुंद, यावर तो सूर ठरतो. त्या सुराजवळ स्पीकरचं काम धुराड्यातली हवा करते, स्पीकर जवळजवळ बसून राहतो. याला फार मोल आहे, कारण एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज हवा असेल तर स्पीकरला चौपट लांब धावावं लागतं, आणि धावून धावून त्याची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, जळते. जळलेल्या कॉइलचा वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. आमच्याकडे तो वास मुंबईच्या एका दुकानातून आणलेल्या नकली स्पीकरांनी दिला, पहिल्याच तासात. त्या दुकानाचं नाव घेऊन तोंड खराब करत नाही.

तर धुराड्याचा हिशोब. पूर्वी कारखानेही हे बरचसं अंदाजानं करत. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली या सगळ्याचं नीट गणित मांडलं, पुढं सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते पुरं केलं, आणि आता प्रत्येक स्पीकरच्या कागदावर त्या दोघांच्या नावाचे आकडे छापून येतात. मला ३८ हर्ट्झचा सूर हवा होता. खोक्याची आतली मापं गुणली, ४४० लिटर हवा आली, त्यावरून धुराड्याची लांबी काढली, मिस्त्रींना कागद दिला. पहिला खोका तयार झाला तेव्हा मी भलतीच खूश होते.

तपासायची पद्धत मला ऑफिसातल्या एका मित्रानं सांगितली होती. खोका पाठीवर आडवा करायचा, म्हणजे स्पीकरचं तोंड आभाळाकडं. कोनावर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर, काहीतरी हलकं टाकायचं आणि एकच सूर हळूहळू खाली आणत जायचं. आज्जीनं कुटासाठी भाजलेले शेंगदाणे परातीत गार करत ठेवले होते. मी मूठभर उचलले.

६० हर्ट्झवर शेंगदाणे तडतडायला लागले, लाह्यांसारखे. ५५ ला जास्त. ५० ला एक उडून अप्पांच्या चपलेवर पडला. मग जसजशी खाली आले तसतसे ते शांत होत गेले. आणि एका जागी सगळे एकदम बसले. कोन हलायचा जवळजवळ थांबला होता, धुराड्यातून मात्र असा वारा येत होता की मिस्त्रींच्या पायजम्याची नाडी फडफडत होती. मशीनवरचा आकडा बघितला: ४२ आणि थोडं. ३८ नव्हे. तिथून आणखी खाली गेले तर शेंगदाणे पुन्हा उसळले, या वेळी भिंतीवर जाऊन आपटले.

आज्जी दारात उभी राहून बघत होती. "अगं, साली काढायच्या राहिल्यात त्याच्या, तेवढ्या काढून मिळतील का?"

रात्री बारापर्यंत मी आकडे तपासले. गुणाकार बरोबर होता, सूत्र बरोबर होतं. शेवटी मिस्त्रींचं वाक्य आठवलं. एवढी लाकडं कशाला कोंबायची. ४४० लिटर ही रिकाम्या खोक्याची हवा होती. आतल्या पट्ट्या, दोन स्पीकरांचे चुंबक आणि सांगाडे, खुद्द धुराडं, आणि जाळी बसवायला फळी आत घेतली होती ती जागा, हे सगळं मी हवेतच धरलं होतं. वजा केल्यावर खरी हवा उरली ३५० लिटर. हवा कमी म्हणजे स्प्रिंग कडक, म्हणजे सूर वर. माझ्या नोकरीत मी दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी भांडते, आणि इथं नव्वद लिटर लाकूड-लोखंड हवा म्हणून खपवलं होतं.

धुराडं तीन इंचाला थोडं कमी एवढं वाढवलं. त्यात ती राखीव शीट गेली. मिस्त्री एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त कापताना एकदा म्हणाले, "चूक मारायची न्हाई म्हनला हुता न्हवं?"

दुसरा खोका पहिल्या फटक्यात ३८ ला बसला. त्याला मात्र शिट्टी येत होती, फार बारीक, खालच्या सुरावर. कुठूनतरी हवा निसटत होती. कानानं सापडेना. मग अप्पांनी देवघरातून उदबत्ती आणली, खोका चालू ठेवला आणि प्रत्येक सांध्यावरून उदबत्ती फिरवायला लागले. हाताला म्हणून हिसका नाही. धूर सरळ वर जात होता, जात होता, आणि मागच्या केबलच्या पट्टीपाशी येताच थरथरून दोन भागांत तुटला. तिथं गॅस्केट घालायचं राहिलं होतं. त्यानंतर प्रत्येक खोक्याची ही आरती झाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, सामान यायच्या आधीच पूजा का? अप्पा म्हणाले, "व्हय, मुहूर्ताचं हाय."

रंग, जाळ्या, हँडल, चाकं यांत अख्खा भाद्रपद गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. काळा रंग नखालाच जास्त लागतो.

*

पहिली चाचणी दसऱ्यानंतर, भर दुपारी. मंचाच्या डावीकडं चार बेस, उजवीकडं चार, मधे चाळीसेक फूट. सगळे तसंच लावतात, दिसायला भारदस्त दिसतं. मी मैदानाच्या मधोमध उभी राहिले, भावानं आवाज दिला, आणि खरंच छातीत बसला. अप्पांच्या चेहऱ्याकडं बघून मला बरं वाटलं. मग मी आडवी चालायला लागले. दहाएक पावलांवर बेस गायब. टॉप चालू, गाणं चालू, पण खालून कुणी पाट काढून घेतल्यासारखं. आणखी काही पावलांवर परत हजर. पुन्हा गायब. सगळ्या पायऱ्यांवर असे पट्टे पडले होते, वाफ्यासारखे.

दोन बाजूंनी निघालेल्या लाटा कुठं हातात हात घालतात आणि कुठं एकमेकींचे पाय ओढतात. अप्पांनी स्वतः चालून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे वर्गणी एकच, पण अर्ध्यांना बेस नाही." उपाय साधा होता. सगळे बेस उचलून मधे आणले, मंचाच्या पुढ्यात, एकाला एक लावून. प्रमुख पाहुण्यांच्या पायाशी काळी खोकी येणार म्हणून कमिटीतले एकजण नाराज झाले. त्यांना चालायला लावलं, मग ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी पुन्हा लावलं. दिवसा तापलेल्या जमिनीवरची गरम हवा आवाजाला वर फेकते. ऊन उतरून जमीन निवली की वरची हवा तिच्यापेक्षा गरम राहते आणि तोच आवाज वाकून परत खाली येतो. म्हणून रात्रीचा आवाज लांब जातो. हे मला माहीत होतं. पण ते कुणाच्या घरावर खाली येतं, याचा विचार मी केला नव्हता.

पावणेनऊला आज्जीचा फोन आला. आमचं जुनं घर मंचाच्या पाठीमागं, मैदान सोडून तीनेकशे मीटरवर. "मांडणीवरच्या वाट्या वाजायला लागल्यात गं. मांजर पळून गेलं."

मी आणि भाऊ मोजायचं मीटर घेऊन गेलो. अप्पा मैदानावर थांबले. अंगणात उभं राहिलं तर गाणं कुठलं ते कळत नव्हतं, बाई गातेय की बाप्या तेही नाही. फक्त धप्, धप्, धप्. आत गेलो. मांडणीतल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या, खिडकीची काच चौकटीत गुरगुरत होती. मीटर दाखवत होतं ५४.

कायद्यानं आम्ही निर्दोष होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्री दहापर्यंत ५५ आणि दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ते डेसिबल 'ए' मोजणीचे. 'ए' मोजणी माणसाच्या कानाच्या कलानं चालते, आणि कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून ती ५० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ३० डेसिबल वजा करते. 'सी' मोजणी खालचे सूर जवळजवळ तसेच धरते. मी मीटरचं बटण 'सी'वर केलं. ८१. दोन्ही आकडे खरे, एकाच अंगणातले, एकाच मिनिटातले. वाट्यांना 'ए' मोजणी माहीत नव्हती.

मला अप्पांची एक गोष्ट आठवली. १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन आला होता. अप्पा गाण्यासाठी नव्हे, स्पीकर बघायला म्हणून गेले. तिकीट नव्हतंच. सगळा वेळ कुंपणाच्या भिंतीबाहेर उभे राहिले आणि परत येऊन आईला म्हणाले, गाणं आत राहिलं, मला नुसता बेस मिळाला. घरात हा विनोद म्हणून चालायचा. भिंतीपलीकडच्या माणसाच्या वाट्याला नेहमी तेवढंच येतं, हे मला आज्जीच्या स्वयंपाकघरात उभं राहून कळलं. टॉपचा आवाज भिंतीला अडतो, झाडाला अडतो, मंचाच्या पडद्याला अडतो. साडेआठ मीटरच्या लाटेला मंच म्हणजे ओढ्यातला दगड. ती वळसा घालते आणि पुढं मागं सारखीच जाते. स्पीकरचं तोंड कुणीकडं आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. मोठा बेस कुणालाही करता येतो, लाकूड आणि पैसे असले की झालं. आम्ही चार महिने खपून जेवढा प्रेक्षकांना दिला होता, तेवढाच पाठमोऱ्या वस्तीलाही वाटला होता.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आवाज कमी ठेवू." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "कमी ठेवला तर कमिटी पुढच्या वर्षी डॉल्बी आणेल."

*

बेसला पाठ फिरवायला शिकवता येतं. मला ते वाचून माहीत होतं, केलेलं नव्हतं. तीन बेस एकावर एक ठेवायचे, त्यातल्या एकाचं तोंड मागं करायचं. त्या उलट्याला आवाजही उलटा द्यायचा, म्हणजे बाकीचे दोघं हवा ढकलतात तेव्हा यानं ओढायची. आणि त्याला अंमळ उशिरा सुरू करायचं, सुमारे ३ मिलिसेकंद. आवाज एक मीटर चालायला घेतो तेवढा वेळ. वेळ बरोबर साधली तर मागच्या बाजूला तिघांच्या लाटा एकमेकींना गिळतात आणि पुढं मात्र मिळून जातात. पुढचा थोडा जोर जातो. उलट्याच्या तोंडाला मंचाची भिंत चिकटून चालत नाही, दोन-तीन फूट मोकळी जागा लागते. आणि आठाचे तीन-तीनचे गठ्ठे होत नाहीत.

नववा खोका दिवाळीच्या सुट्टीत झाला. मिस्त्रींनी तो दोन दिवसांत उभा केला, मापाचा कागद न बघता. फक्त शेवटी विचारलं, "ह्याचं तोंड भिंतीकडं करनार? मग ह्याला पॉलिश तरी कशाला?" तरी केलं.

पुन्हा रात्रीची चाचणी. भाऊ मैदानावर, मी आज्जीच्या स्वयंपाकघरात, मधे फोन. आधी नऊच्या नऊ सरळ. किणकिण सुरू. मग तीन उलटे, पण उशीर न देता. किणकिण थोडी कमी. मग २ मिलिसेकंद. मग अडीच. मी आकडे सांगत होते, भाऊ बदलत होता, आज्जी भाकरी थापत होती. २.८ ला खिडकी गप्प झाली. मीटर 'सी'वर ६८. मी भावाला म्हटलं, हात लावू नकोस. त्यानं मैदानाच्या शेवटच्या पायरीवर अप्पांना उभं केलं होतं. फोनवरून त्यांचा आवाज आला, बेसच्या वर ओरडून: "इथं बसतोय!"

सगळ्या वाट्या शांत होत्या. फक्त एक झाकण, पितळेच्या डब्याचं, जुनं, कडेला चेपलेलं, एका ठरावीक ठोक्याला अजून वाजत होतं. बाकी सगळं गप्प झाल्यामुळे ते जास्तच ऐकू यायचं. मी डबा हलवून बघितला, जागा बदलली, झाकण फिरवलं. वाजतच होतं. त्याचा सूर आणि गाण्याचा सूर नेमका जुळला होता. खोक्यातल्या हवेला जे लागू, तेच त्या चेपलेल्या पितळेला. मी भावाला सांगायला लागले, २.९ करून बघ, नाहीतर फिल्टर थोडा वर घे.

आज्जीनं पिठाचे हात झटकले, पोळपाटाखालचं ओलं फडकं घेतलं, त्याची चौघडी केली आणि झाकण उचलून डब्याच्या काठावर ठेवली. वरून झाकण दाबलं.

"त्यात काय हाय?" मी विचारलं.

"गूळ," ती म्हणाली. "भाकरी करपतीया, सर तिकडं."